घोड्याला पडायला शिकवणारी माणसं

घोडा जिथे पडणार असतो ती जागा आधी तयार करावी लागते. मैदानाच्या एका कडेला जमीन चांगली खोल खणलेली, ढेकळं फोडलेली, एकेक खडा वेचून बाजूला टाकलेला आणि वर रेती व लाकडाचा भुसा पसरलेला. एक पोरगा फावडं घेऊन तिथेच उभा असतो. घोडा दोनदा पडला की माती दबून टणक होते, म्हणून तो ती पुन्हा वरखाली करतो. दिग्दर्शक, नट, कॅमेरा यांच्याविषयी आपण खूप वाचतो. या फावड्याविषयी कुणी लिहीत नाही, पण ऐतिहासिक चित्रपटातली लढाई खरी वाटते की खोटी, हे पुष्कळसं या खणलेल्या तुकड्यावर ठरतं.

अल्माटी शहराबाहेर, अलाताऊच्या बर्फाळ रांगेच्या पायथ्याशी, चित्रपटांसाठी घोडेस्वारीच्या कसरती करणाऱ्या एका चमूचा सराव मी पाहत होतो. सोबत दुभाषी म्हणून वैद्यकीय शिक्षणासाठी तिथे राहणारा लातूरकडचा एक विद्यार्थी होता. कझाकस्तानात असे आपले विद्यार्थी बरेच आहेत. चमूच्या प्रमुखाला सगळे ‘आगा’ म्हणत, म्हणजे थोरला भाऊ. आम्हीही तेच म्हणू लागलो.

आगांच्या हाताखाली एक कुमैत घोडा तयार होत होता. खच्ची केलेला, कारण खच्ची न केलेले घोडे गर्दीत एकमेकांना चावतात, लाथा झाडतात. पहिला धडा उभ्या घोड्याचा. पुढचा एक पाय गुडघ्यात दुमडून मऊ पट्ट्याने बांधायचा, लगामाने मान हळूच एका बाजूला वळवायची आणि थांबायचं. ओढाताण अजिबात नाही. तोल सांभाळता सांभाळता घोडा दमतो, गुडघा टेकतो आणि आडवा होतो. आडवा झाला की त्याच्या मानेवर थोपटायचं, गाजर द्यायचं, कानामागे खाजवायचं, आणि तो स्वतःहून उठेपर्यंत त्याच्याशेजारी बसून राहायचं. “पडलो तरी काही वाईट होत नाही, एवढंच त्याला कळायला हवं,” आगा म्हणाले. घोडा हा पळून जीव वाचवणारा प्राणी आहे. आडवं होणं म्हणजे मरण, हे त्याच्या रक्तात असतं. ती भीती घालवायला महिनोन्‌महिने लागतात. पट्टा सुटतो, मग चालत्या घोड्यावर तोच धडा, मग दुडक्या चालीवर आणि शेवटी भरधाव.

भरधाव घोड्याचं पडणं मी अगदी कुंपणाला टेकून पाहिलं. स्वार मैदानाच्या पार टोकाकडून निघाला. खणलेला तुकडा जवळ आला तसा त्याचा डावा पाय रिकिबीतून बाहेर आला. हे इतक्या सहज झालं की दुभाष्याने दाखवलं नसतं तर माझ्या लक्षातही आलं नसतं. मग उजवा लगाम वर आणि मागे. मान उजवीकडे वळली, पुढचे पाय दुमडले, आणि घोडा डाव्या खांद्यावर घसरत रेतीत गेला. स्वार बाजूला फेकला गेला आणि मेल्यासारखा निपचित पडला. घोडाही तसाच पडून राहिला. आगांनी शीळ घातली तेव्हा दोघं उठले. स्वाराने स्वतःचे कपडे झटकायच्या आधी घोड्याचे पाय चाचपले, गुडघ्यापासून खुरापर्यंत चारही. मगच गाजर. त्या दिवशी त्या घोड्याला पुन्हा पाडलं नाही.

ही पद्धत सिनेमात आपसूक आलेली नाही. हॉलिवूडमध्ये पूर्वी घोड्याच्या पुढच्या पायांना तारा बांधत आणि ठरलेल्या जागी ताण बसला की धावता घोडा तोंडावर आपटे. 1936 च्या ‘द चार्ज ऑफ द लाइट ब्रिगेड’मध्ये अशा तारांनी अनेक घोडे मेले. 1939 च्या ‘जेसी जेम्स’साठी एक घोडा कड्यावरून पाण्यात ढकलला गेला आणि मेला. लोक खवळले, त्यानंतरच तिथे प्राणिरक्षक संस्थेची देखरेख सुरू झाली. ज्या लढाईसाठी तारा लावून घोडे पाडले, ती पडद्यावर कितीही थरारक दिसली तरी मला ती पाहवत नाही.

अल्माटीला मी गेलो होतो तो एका चित्रपटामुळे. 2005 सालचा ‘नोमॅड’, कझाक नाव ‘कोशपेंदिलेर’. अठराव्या शतकातल्या कझाकांची ही गोष्ट. तिन्ही ‘झुझ’, म्हणजे टोळ्यांचे तीन मोठे संघ, आपसांत फुटलेले आणि पूर्वेकडून जुंगार या मंगोल टोळ्यांच्या धाडी. 1723 च्या हल्ल्यात कझाकांची जी वाताहत झाली ती त्यांच्या लोकस्मृतीत अजून ताजी आहे. अनवाणी, उपाशी माणसांचे लोंढे स्तेप तुडवत पळाले होते. त्या पळापळीत वाढलेला एक मुलगा, अबिलमन्सूर. तो पुढे द्वंद्वात जुंगार योद्ध्याला लोळवतो, आजोबांच्या ‘अबलाय’ या नावाने ललकारी देतो आणि त्याच नावाने ओळखला जातो. 1771 मध्ये तो खान झाला, 1781 मध्ये वारला. तुर्किस्तान शहरात, तैमूरने बांधवून घेतलेल्या खोजा अहमद यासावीच्या दर्ग्यात त्याची कबर आहे. देश स्वतंत्र झाल्यावर 1993 मध्ये निघालेल्या शंभर तेंगेच्या नोटेवर त्याचाच चेहरा होता.

कथा एवढी भरभक्कम असूनही चित्रपट फसला. काम सुरू केलं चेक दिग्दर्शक इव्हान पासर यांनी, ते मध्येच थांबलं, पुढे रशियाचे सर्गेई बोद्रोव आले आणि स्थानिक बाजू तलगात तेमेनोव यांनी सांभाळली. पटकथा अझरबैजानचे रुस्तम इब्रागिमबेकोव यांची. जगभर चालावा म्हणून अबलायच्या भूमिकेत मेक्सिकोचा कुनो बेकर, त्याच्या मित्राच्या भूमिकेत अमेरिकेचा जे हर्नांडेझ. खर्च सुमारे 4 कोटी डॉलर सांगितला जातो. त्याच्या तुलनेत परदेशातली कमाई नगण्य. कार्लो सिलिओत्तो यांच्या संगीताला गोल्डन ग्लोबचं नामांकन मिळालं आणि ते योग्यच होतं. पण ओठ एका भाषेत हलतात आणि आवाज दुसऱ्या भाषेत येतो, तेव्हा कितीही मोठं सैन्य उभं केलं तरी प्रेक्षक त्या माणसात गुंतत नाही. टोळ्या एक करणारा नेता आपल्या लोकांशी त्यांच्याच बोलीत बोलतो तेव्हाच तो नेता वाटतो, असं मला हा चित्रपट पाहताना सारखं वाटत राहिलं.

आणि तरीही घोडे धावू लागले की हाच चित्रपट बदलतो. स्वार खोगिरात बसलेले नसतातच, रिकिबीवर उभे राहून पुढे झुकलेले असतात, आणि घोड्याची पाठ खालीवर होत असताना त्यांची डोकी एका रेषेत जातात. हे परदेशी प्रशिक्षकाने चार आठवड्यांत शिकवलेलं नाही. कझाक खेड्यांत ‘कोकपार’ खेळतात, त्यात बोकडाचं धड जमिनीवरून उचलून, इतर स्वारांच्या रेट्यातून ते गोलापर्यंत न्यायचं असतं. ‘तेंगे अलू’मध्ये भरधाव घोड्यावरून झुकून जमिनीवरचं नाणं वेचतात. ‘औदारिस्पाक’ म्हणजे घोड्यावर बसून खेळलेली कुस्ती. ज्याचं बालपण यात गेलं, त्याला खोगिरावरून लोंबकळायला वेगळं शिकवावं लागत नाही. त्याला शिकवावं लागतं ते कॅमेऱ्यासाठी पडायला, आणि पडताना मागून येणाऱ्यांचा विचार करायला.

मागून येणाऱ्यांचा हा विचार म्हणजेच सामूहिक चढाईची खरी गोम. दुरून एकसंध लाट दिसते, जवळून पाहिलं तर ती अगदी मोजून मांडलेली असते. सगळ्यात पुढे कसलेले कसरती स्वार, त्यांच्यात पडणारे कोण, कुठे पडणार, कुठल्या अंगाला घसरणार, हे ठरलेलं. पडणाऱ्याच्या मागची पट्टी मोकळी ठेवायची. त्यांच्यामागे गावांतून आलेले स्वार, जे फक्त धावणार. पाडायचे नाहीत अशा घोड्यांना आधीच धूर, ढोल, फडफडती निशाणं यांची सवय केलेली. आगांच्या मैदानावर एक म्हातारी घोडी केवळ एवढ्यासाठी पोसलेली होती, की तिच्याशेजारी उभे केलेले नवे घोडे बुजत नाहीत. एक दौड झाली की सगळ्यांना परत जागेवर आणायचं, तंग सैल करायचे, अंगाची वाफ निवेपर्यंत हिंडवायचं, मगच पाणी. पडद्यावर जे काही सेकंद दिसतं त्यासाठी अशी अख्खी सकाळ जाते.

इली नदीच्या काठी, कापचगायच्या बाजूला, ‘नोमॅड’साठी उभारलेल्या किल्ल्याचा सेट आजही आहे आणि लोक तो बघायला जातात. मीही गेलो. पण तिथे मनाला भिडलं ते दुसरंच. त्याच नदीच्या काठावर तामगाली-तास नावाचा कातळ आहे आणि त्यावर बुद्धाच्या आकृती कोरलेल्या आहेत. शेजारी तिबेटी लिपीत ‘ॐ मणिपद्मे हुं’. हा परिसर जुंगारांच्या ताब्यात होता तेव्हाची ही खूण. जुंगार तिबेटी परंपरेचे बौद्ध होते. चित्रपटात ते केवळ क्रूर चेहऱ्यांचे शत्रू म्हणून येतात. त्यांनाही घर होतं, देव होता, कोरीव काम करणारे हात होते. 1755 नंतर चीनच्या छिंग फौजांनी त्यांचं राज्य तर बुडवलंच, असंख्य माणसंही मारली. सेटपासून जवळच असलेला तो कातळ कॅमेऱ्याने एकदा तरी पाहायला हवा होता. शत्रू माणूस म्हणून दिसला असता तर अबलायचा विजय उणा झाला नसता, उलट त्याचं वजन वाढलं असतं.

‘नोमॅड’चं खरं फळ तिकीटबारीवर दिसलंच नाही. त्या चित्रीकरणाच्या निमित्ताने कझाक स्वार आणि सर्कशीत तयार झालेले कसरतपटू एकत्र आले, परदेशी तंत्रज्ञांचं काम त्यांनी जवळून पाहिलं, आणि त्यातून ‘नोमॅड स्टंट्स’सारखा चमू उभा राहिला. पुढे ‘मार्को पोलो’ मालिकेत हे स्वार दिसले, ‘मुलान’साठी न्यूझीलंडपर्यंत गेले. त्याहून मोलाचं म्हणजे 2012 मध्ये अकान सतायेव यांनी ‘मिन बाला’ केला. पुन्हा जुंगारांविरुद्धचीच लढाई, 1730 च्या आसपासची अनिराकायची, म्हणजे आपल्याकडे थोरले बाजीराव पेशवे होते तो काळ. पण या वेळी नट कझाक, भाषा कझाक आणि नायक कुणी खान नव्हे, तर घरदार गमावलेली पोरं. या चित्रपटात घोडा पडतो तेव्हा त्यावरचा माणूस कोण होता हे आपल्याला ठाऊक असतं, आणि आधीच्या चित्रपटातली नेमकी तीच उणीव इथे भरून निघते.

आगांना मी विचारलं, की या कामात पोरं टिकतात का. शहरात टॅक्सी चालवली तर पैसे लवकर मिळतात, हे त्यांनी मान्य केलं. हाडं मोडतात. चित्रपट नसतो तेव्हाही घोडा खातोच. बोलता बोलता त्यांचा हात कुमैताच्या आयाळीत गुंतलेला होता आणि नजर फावडेवाल्या पोराकडे. तो एका कोपऱ्यात ढेकूळ विसरला होता. आगा बोलणं अर्धवट टाकून उठले, ढेकूळ टाचेखाली फोडलं आणि पोराला ती सगळी माती पुन्हा चाळायला लावली.

तुम्हाला हे चित्रपट बघायचे असतील तर आधी ‘मिन बाला’ बघा, मग ‘नोमॅड’. ‘नोमॅड’ची इंग्रजी संवादांची आवृत्ती टाळा, कझाक आवृत्ती उपशीर्षकांसह बघा. आणि दोन्हींच्या श्रेयनामावलीत घोडेस्वारांची नावं येतात, तिथे थांबून ती वाचा.