हरवलेले पान

तुळजापूरसारख्या तीर्थक्षेत्री पोथी सर्वांच्या परिचयाची असते. पोथीचे एखादे पान गहाळ झाले, तर कोणी सारी पोथी टाकून देत नाही. दुसऱ्या शुद्ध प्रतीवरून तेवढे पान नकलून घेतात. जुन्या संगणकाचेही तसेच आहे.

२००१ साली आलेल्या 'विंडोज एक्सपी' या प्रणालीत 'एनटीएलडीआर' नावाची एक लहानशी फाइल असते. संगणक सुरू होताना हीच फाइल बाकीच्या प्रणालीला जागे करते. ती पुसली गेली, तर ती सापडत नसल्याचा संदेश काळ्या पडद्यावर उमटतो आणि सारे काम थांबते. अशा वेळी घाबरून हार्ड डिस्क कोरी करणे हा अविचार होय. कारण तीत साठविलेली पत्रे व हिशेब बहुधा सुरक्षित असतात.

प्रथम खणात फ्लॉपी राहिली आहे काय, ते पाहावे. तिच्यामुळेही तोच संदेश येऊ शकतो. तेवढ्याने भागले नाही, तर मूळ सीडीवरून संगणक सुरू करावा, 'आर' ही कळ दाबून दुरुस्तीच्या विभागात जावे आणि सीडीवरील शुद्ध फाइल हार्ड डिस्कवर नकलावी.

२०१४ साली मायक्रोसॉफ्टने या प्रणालीची देखभाल थांबविली. म्हणून जुना संगणक बाळगणाऱ्याने मूळ प्रत जपावी आणि संकटात धीर सोडू नये.