समुद्रावर प्लॅटफॉर्म नसताना

एक रुपयाची नोट हाताशी असेल तर ती उलटून पाहावी. मागील बाजूस भर समुद्रात उभे असलेले 'सागर सम्राट' दिसते. १९७४ साली त्याच्याच साहाय्याने विहीर खोदून मुंबई हाय येथे तेल सापडले. खोदाई संपली की असे फिरते साधन दुसरीकडे नेता येते. परंतु पुढे वर्षानुवर्षे तेल आणि वायू काढण्यासाठी त्या जागी पोलादी प्लॅटफॉर्म कायमचे उभारावे लागतात. या बांधकामाचा खर्च प्रचंड असतो. तो कमी कसा करावा? स्वस्त साहित्य वापरणे हे त्याचे उत्तर नव्हे. कोणते काम विहिरीपाशीच करायला हवे आणि कोणते दुसरीकडे नेता येईल, हे आधी ठरवावे लागते.

प्लॅटफॉर्मवर नेमके काय चालते ते पाहू. विहिरीतून नैसर्गिक वायूबरोबर पाण्याची वाफ, पाणी आणि हलके तेलही वर येते. ते वेगळे करून वायू कोरडा करतात आणि दाब देऊन पुढे पाठवतात. त्यासाठी यंत्रे, वीज आणि माणसे लागतात. माणसांसाठी राहण्याच्या खोल्या, हेलिकॉप्टरचा तळ आणि बचावनौका लागतात. प्रत्येक गोष्टीबरोबर वजन वाढते आणि वजनाबरोबर खालचा सांगाडाही वाढतो. शिवाय ज्वलनशील वायूच्या सान्निध्यात राहणे धोक्याचे असते. उत्तर समुद्रातील 'पायपर अल्फा' या प्लॅटफॉर्मवर १९८८ साली १६७ माणसे मरण पावली. २७ जुलै २००५ रोजी मुंबई हाय उत्तर येथील आगीत २२ जणांचा बळी गेला. म्हणजे एक प्लॅटफॉर्म टळला तर केवळ पैसाच वाचतो असे नाही.

मग वायू न सुकवता तसाच किनाऱ्यावर का आणू नये? अडचण अशी, की थंडी आणि दाब यांच्या प्रभावाखाली पाण्याचे रेणू मिथेनच्या रेणूंभोवती पिंजरा तयार करतात. या बर्फासारख्या घन पदार्थाला हायड्रेट म्हणतात. वातावरणाच्या सुमारे ४० पट दाब असेल तर मिथेनचे हायड्रेट ४ अंश सेल्सिअसलाही बनते. त्याची गुठळी बसली की नळ बंद!

नॉर्वेच्या 'ओर्मेन लांगे' या वायुक्षेत्रात हाच प्रश्न होता. १९९७ साली सापडलेले हे क्षेत्र किनाऱ्यापासून सुमारे १२० किलोमीटरवर, ८०० ते १,१०० मीटर खोल पाण्याखाली आहे. तेथे तळाचे तापमान शून्याच्याही खाली जाते. अभियंत्यांनी समुद्राच्या पृष्ठभागावर काहीच बांधले नाही. विहिरींच्या झडपा तळावरच बसवल्या आणि वायू, पाणी व हलके तेल एकत्रच, ३० इंच व्यासाच्या दोन नळांतून न्यूहाम्ना येथील किनाऱ्यावर आणले. उत्पादन २००७ साली सुरू झाले.

हायड्रेटवर त्यांनी योजलेला उपाय आपल्या परिचयाचा आहे. आइस्क्रीमच्या पॉटमध्ये बर्फात मीठ घातले की गोठणबिंदू उतरतो. तेच काम येथे ग्लायकॉल करते. किनाऱ्यावरून बारीक नळांतून ते विहिरींपर्यंत जाते आणि वायूबरोबर पाणी घेऊन परत येते. पाण्याचा उत्कलनबिंदू १००, तर ग्लायकॉलचा सुमारे १९७ अंश. त्यामुळे तापवून पाणी काढता येते आणि तेच ग्लायकॉल पुन्हा धाडता येते.

नळाचा व्यास ठरवणे हीदेखील कसोटीच होती. नळ अरुंद केला तर घर्षणाने दाब खर्ची पडतो. फार रुंद केला तर वायू मंद वाहतो आणि खोलगट जागी द्रव साचतो. साचलेला द्रव मग एकदम लोंढ्याने किनाऱ्यावर येतो. हा लोंढा झेलण्यासाठी तेथे मोठी साठवण ठेवावी लागते.

म्हणजे खर्च नाहीसा झाला नाही. स्वस्त आणि सुरक्षित जागी हलला. याची किंमतही आहे. तळावर बिघाड झाला तर दुरुस्तीसाठी खास जहाज आणि यंत्रमानव लागतात. वायूचा दाब उतरू लागला की तो वाढवण्याची सोयही तळावरच करावी लागते. नॉर्वेच्याच 'ओसगार्ड' क्षेत्रात २०१५ साली असे संपीडक समुद्रतळावर सुरू झाले. उथळ पाण्यात मात्र प्लॅटफॉर्मच अनेकदा सोयीचा ठरतो.

वर्गात दोन पेल्यांत बर्फाचा चुरा घेऊन एकात मीठ मिसळावे आणि तापमापी लावून फरक पाहावा. त्यानंतर विद्यार्थ्यांना एक प्रश्न विचारावा: गावाची विहीर दूर असेल, तर पाणी विहिरीपाशी शुद्ध करावे की गावात आणून? उत्तर कोणतेही येवो, त्यामागची कारणे फळ्यावर लिहून घ्यावीत. अभियंत्याचे काम तेथूनच सुरू होते.