आपो बेटाने राखलेला समुद्र

फिलिपिन्समधल्या नेग्रोस बेटाच्या आग्नेय किनाऱ्यासमोर आपो हे ज्वालामुखीतून वर आलेलं छोटं बेट आहे. क्षेत्रफळ जेमतेम पाऊण चौरस किलोमीटर. शेतीला जमीन थोडी, त्यामुळे पोट समुद्रावर. बेटाभोवतीच्या प्रवाळखडकांतली मासळी १९७०च्या दशकात आटत गेली. सुरुंग, सायनाइड, बारीक आसाची जाळी ही त्याची कारणं. त्यात भर 'मुरो-आमी'ची. या पद्धतीत पोहणारे लोक दोराला बांधलेले दगड प्रवाळावर आपटत पुढे सरकतात आणि बिथरलेल्या माशांना जाळ्यात लोटतात. एका फेरीची मासळी मिळते, पण पुढच्या पिढीचं घर मोडतं. आपोच्या कोळ्यांना मासळीसाठी दूरदूर वल्ही मारावी लागू लागली.

दुमागेते शहरातल्या सिलिमन विद्यापीठाचे जीवशास्त्रज्ञ आंजेल अल्काला यांनी १९७४ साली शेजारच्या सुमिलोन बेटाजवळ मासेमारीबंदीचं क्षेत्र आखून घेतलं होतं. आपोच्या काही कोळ्यांना त्यांनी तिथे नेलं आणि वाढलेली मासळी दाखवली. तरी आपोभोवती असंच क्षेत्र राखायला होकार मिळायला तीन वर्षं लागली. रोजची चूल समुद्रावर पेटणाऱ्या माणसाने समुद्राचा तुकडा सोडून देणं साधं नव्हतं. अखेर १९८२ साली मोजक्या कुटुंबांनी आग्नेय बाजूचा सुमारे ४५० मीटर किनारा आणि त्यापुढचं पाणी बंद केलं. ही जागा गावातून नजरेच्या टप्प्यात होती. घरटी पाळी लावून एक माणूसही राखण करू शके. पुढे दाउइन नगरपालिकेने या बंदीला कायद्याचं बळ दिलं. उरलेल्या पाण्यात गळ, बांबूचे सापळे, मोठ्या आसाची जाळी अशा साधनांनाच मुभा राहिली, तीही बेटावरच्यांना. 'बांताय दागात' म्हणजे समुद्राचे राखणदार गावातूनच नेमले गेले.

याच काळात सुमिलोनची बंदी मोडली. १९८४ साली तिथे मुरो-आमीसह मासेमारी पुन्हा सुरू झाली आणि थोड्याच काळात आसपासच्या कोळ्यांची एकूण मासळी जवळजवळ निम्म्यावर आली. समुद्र तोच, शास्त्र तेच, अल्कालाही तेच. आपोत मात्र राखणदार गावचे होते, आणि सगळा फरक तिथेच पडला.

गोब्रा, तांबोशी यांसारखे मोठे शिकारी मासे सावकाश वाढतात. त्यामुळे आपोच्या राखीव क्षेत्राच्या हद्दीबाहेर जादा मासळी दिसायला आठ-दहा वर्षं गेली. अल्काला आणि ऑस्ट्रेलियाचे गॅरी रस यांनी ही वाढ वर्षानुवर्षं मोजली. प्रवाळ-संशोधनात या नोंदींचं मोल फार मोठं आहे. अल्काला यांना १९९२ साली रॅमन मॅगसेसे पुरस्कार मिळाला. आपोच्या धर्तीवर फिलिपिन्सच्या किनाऱ्यावर शेकडो राखीव क्षेत्रं उभी राहिली.

१९९४ साली बेट राष्ट्रीय संरक्षित क्षेत्र ठरलं आणि कारभार सरकारी मंडळाकडे गेला. पाणबुड्या पर्यटकांचं शुल्क मनिलाच्या तिजोरीतून फिरून यायला उशीर होऊ लागला, निर्णयांतला गावाचा वाटा घटला. यावरून बेटावर पसरलेली नाराजी रास्त होती.

डिसेंबर २०११ आणि डिसेंबर २०१२मधल्या दोन वादळांनी राखीव भागातले प्रवाळ झोडपून काढले. तो भाग पर्यटकांना बंद करण्यात आला. पश्चिमेकडचे खडक पुष्कळसे वाचले. हिरवी समुद्री कासवं किनाऱ्यालगत चरताना आजही दिसतात. दुमागेतेहून मालातापायच्या धक्क्यावर यावं. तिथून उलांडीच्या होडीने सुमारे अर्ध्या तासात आपो गाठता येतं.