घरच्या घरी धिंगरी : पिशवी भरण्याची वेळ सांभाळा

मिरजेत आमचे एक स्नेही आहेत. धंदा शिवणकामाचा. तयार कपड्यांची दुकाने वाढली तसे त्यांचे काम ईद आणि लग्नसराई एवढ्यापुरतेच उरले. मागची खोली रिकामी पडलेली. कुणीतरी त्यांना धिंगरी अळिंबी लावायचा सल्ला दिला. मुलीच्या फीसाठी बाजूला ठेवलेल्या पैशांतून त्यांनी गव्हाचे वीस किलो काड, एक किलो बी आणि प्लास्टिकच्या पिशव्या आणल्या. दहा पिशव्या भरल्या. बाराव्या दिवशी त्यांचा निरोप आला, "भाईजान, एकदा येऊन बघून जा. आठ पिशव्या हिरव्या पडल्यात."

आम्ही गेलो. खोलीत आंबूस वास येत होता. आठ पिशव्यांत ठिकठिकाणी हिरवी बुरशी धरली होती, तर दोन पिशव्या कापूस भरल्यासारख्या पांढऱ्याशुभ्र. भाभींचे म्हणणे एकच : बी विकणाऱ्याने फसवले. त्याच्याशी भांडायला जायची तयारीही झाली होती. आम्ही विचारले, या दोन चांगल्या पिशव्यांत बी कुठले? तेच, त्याच पुडीतले. मग बी खोटे कसे म्हणायचे? खोदून विचारल्यावर उलगडा झाला. काड गरम पाण्यातून काढून रात्री अकराला भरायला घेतले होते. आठ पिशव्या होईतो सगळे थकले, उरलेले काड झाकून झोपले आणि शेवटच्या दोन पिशव्या फजरनंतर भरल्या. काड वरून गार लागत होते, पण ढिगाच्या पोटात ऊब होती. त्या उबेत बी मेले. मेलेल्या बियावर आणि मोकळ्या पडलेल्या काडावर हिरव्या बुरशीने ताबा मिळवला. सकाळी भरलेले काड खरोखर गार झाले होते, म्हणून ते वाचले.

धिंगरीच्या धंद्यातले नफा-नुकसान या पिशवी भरण्याच्या एक-दोन तासांत ठरते. बाजार, भाव, पाककृती यांवर पुष्कळ लिहिले जाते. आम्ही आज मुख्यत्वे या कामाबद्दलच लिहिणार आहोत.

आधी एक गैरसमज दूर करू. पावसाळ्यात उकिरड्यावर उगवते ती कुत्र्याची छत्री आणि ही धिंगरी एक नव्हे. रानातली छत्री ओळख पटल्याशिवाय कुणीही खाऊ नये, त्यात विषारी जातीही असतात. धिंगरी ही लागवडीची अळिंबी आहे. शिंपल्यासारखी पसरट, पांढरी किंवा राखी. हिंदीत खुंबी म्हणतात त्या कुळातलीच. बटन अळिंबीला खास कुजवलेले खत आणि थंड खोली लागते. धिंगरीला साधे काड पुरते आणि बावीस ते अठ्ठावीस अंशांचे हवामान चालते. म्हणून आपल्या भागात ती पावसाळा सुरू झाल्यापासून थंडी संपेपर्यंत घरात घेता येते. एप्रिल-मेमध्ये पत्र्याच्या खोलीत हा उद्योग करू नये. पैसे वाया जातात.

आता बी म्हणजे काय ते पाहू. अळिंबीला झाडासारखे बी नसते. उकडून निर्जंतुक केलेल्या गव्हाच्या किंवा ज्वारीच्या दाण्यांवर प्रयोगशाळेत अळिंबीचे पांढरे तंतू वाढवतात. त्या दाण्यांनाच बाजारात स्पॉन म्हणतात. ही जिवंत वस्तू आहे हे ध्यानात ठेवा. पुडी घेताना उजेडात धरून पाहा. दाणे सगळीकडून सारखे पांढरे हवेत. कुठे हिरवा, काळा किंवा पिवळा ठिपका, तळाशी पाणी किंवा आंबट वास असेल तर दुकानदार कितीही ओळखीचा असो, परत करा. तारीख विचारा. साधारण महिन्याच्या आतले बी घ्यावे. बी एस.टी.तून आणताना इंजिनाजवळ किंवा टपावर ठेवू नका. घरी आणल्यावर लगेच भरायचे नसेल तर फ्रिजच्या खालच्या खणात ठेवा, बर्फाच्या कप्प्यात नको. भरण्याच्या आदल्या संध्याकाळी बाहेर काढा.

काड नवे, कोरडे, सोनेरी रंगाचे हवे. गव्हाचे चालते, भाताचा पेंढा चालतो, सोयाबीनचे कुटारही चालते. पावसात भिजून काळे पडलेले काड कुणी फुकट दिले तरी आणू नका. त्यात आधीच बुरशी मुक्कामाला असते. दोन-तीन इंचांचे तुकडे करा, गोणपाटात भरा आणि थंड पाण्यात आठ-दहा तास बुडवून ठेवा. नंतर तीच पोती ऐंशी ते पंचाऐंशी अंशांच्या पाण्यात तासभर ठेवायची. यासाठी ड्रम लागतो, पण आमच्या स्नेह्यांनी मोहल्ल्यातील बावर्चीकडून दावतीची देग मागून आणली. कल्पना चांगली होती. देग परत करताना घासून द्यावी, एवढेच. थर्मामीटर मात्र विकत घ्या, अंदाजावर जाऊ नका. तास मोजायचा तो पाणी तापल्यापासून, चूल पेटवल्यापासून नव्हे.

औषधाच्या पाण्यात काड भिजवण्याची पद्धतही पुस्तकांत असते. त्यात बुरशीनाशक आणि फॉर्मेलीन वापरतात. मोठ्या शेडसाठी ती असेल. ज्या घरात त्याच मोरीत भांडी घासतात आणि लहान मुले वावरतात, तिथे आम्ही ती सुचवणार नाही. फॉर्मेलीनच्या वाफेने डोळे आणि घसा दोन्ही धरतात.

गरम काड बाहेर काढले की स्वच्छ, उतरत्या जागेवर टांगून किंवा पसरून निथळू द्या. इथे कारागिराचा हात उपयोगी पडतो. मूठभर काड घेऊन घट्ट पिळा. बोटांतून पाणी टपकले तर अजून थांबा. तळहात नुसता ओलसर झाला तर काड तयार आहे. तळहात कोरडाच राहिला तर ते जास्त सुकले. या नादात आम्ही स्वतः एकदा फसलो. पिळून पाहिले नाही, भरून टाकले. चार दिवसांत पिशव्यांच्या तळाशी पाणी साचले, काड आंबले आणि पिशव्या मागच्या दाराने बाहेर टाकाव्या लागल्या. नुकसान थोडे होते, पण शेजाऱ्यांनी वासाबद्दल जे ऐकवले ते अजून आठवते.

आणि गार होणे. ढिगाच्या मध्यात हात कोपरापर्यंत खुपसून पाहा. हाताला ऊब लागता कामा नये. तीस अंशांच्या वरच्या काडात बी घालू नये. चाळीसच्या पुढे गेलेल्या काडात ते तगतच नाही. उलट, गार झालेले काड दोन दिवस तसेच पडू देणेही बरे नाही. संध्याकाळी गरम करून रात्रभर स्वच्छ चादरीखाली निथळू द्यावे आणि पहाटे भरावे, हे आमच्या मते घरगुती कामाला सर्वांत सोयीचे. पहाटे हवा स्थिर असते, धूळ कमी असते, घरात ये-जाही नसते.

गरम पाण्याने काड पूर्ण निर्जंतुक होत नाही, फक्त त्यातील बहुतेक शत्रू मरतात. भरल्यावर धिंगरीचे तंतू आणि हवेतून आलेली परकी बुरशी यांच्यात शर्यत लागते. जो आधी काड व्यापेल त्याचे पीक. पिशवी भरताना जी काही काळजी घ्यायची ती धिंगरीला या शर्यतीत पुढे ठेवण्यासाठी. म्हणून खोली आदल्या दिवशी झाडून-पुसून घ्यावी, भरतेवेळी झाडू नये. पंखा बंद. हात साबणाने कोपरापर्यंत धुवावेत, नंतर स्पिरिटने पुसावेत. शिवणयंत्राच्या खोलीत सुताचा कचरा उडत असतो, तिथे भरू नये. पिठाच्या डब्याजवळ, जुन्या कांद्यांजवळ, शिळ्या पावाजवळ तर नकोच.

पिशवी साधारण ३५ बाय ५५ सेंटिमीटरची घ्यावी. बियाची पुडी न उघडता बाहेरूनच चोळून दाणे मोकळे करावेत. दाणे चिरडू नयेत. मोकळे केलेले बी स्वच्छ ताटलीत काढावे. पिशवीच्या तळाशी तीन-चार इंच काड घालून हाताने दाबावे, त्यावर बी पेरावे. बी मधोमध ओतू नका. पिशवीच्या कडेकडेने, प्लास्टिकला लागून गोल फिरवा, थोडे मध्ये टाका. कडेचे बी डोळ्यांना दिसते, त्यामुळे वाढ कळते आणि हवाही कडेलाच मिळते. पुन्हा काड, पुन्हा दाब, पुन्हा बी. असे चार-पाच थर होतात. सर्वांत वर जरा जास्त बी टाकून काडाचा पातळ थर द्यावा. दाबताना पोकळी राहू देऊ नका, पण काड ठेचूनही काढू नका. गादी भरणाऱ्या पिंजाऱ्याला हा अंदाज सांगावा लागणार नाही.

बियाचे प्रमाण ओल्या काडाच्या वजनाच्या दोन टक्के. दहा किलो कोरडे काड भिजून-निथळून पंचवीस ते तीस किलो होते, त्याला पाचशे ते सहाशे ग्रॅम बी लागते. पाच किलोच्या पाच-सहा पिशव्या होतात. बियात काटकसर केली तर परक्या बुरशीला वेळ मिळतो. ही बचत महागात पडते.

तोंड सुतळीने घट्ट बांधा. दाभण किंवा जाड सुई ज्योतीवर धरून, गार करून पिशवीला सगळ्या बाजूंनी पंचवीस-तीस भोके पाडा. तीन-चार तळालाही असू द्या, म्हणजे जादा पाणी निघून जाते. आता पिशव्या अंधाऱ्या, स्वच्छ खोलीत मांडणीवर सुट्या ठेवाव्यात. एकावर एक रचू नयेत, कारण तंतू वाढताना आतून उष्णता तयार होते आणि रचलेल्या पिशव्यांत ती कोंडते. पाणी मारायचे नाही, उघडून पाहायचे नाही. तीन-चार दिवसांत दाण्यांभोवती पांढरी जाळी दिसते. पंधरा ते वीस दिवसांत पिशवी पांढरी होते आणि ढेप घट्ट होते. हिरवा डाग दिसलेली पिशवी घरात फोडू नका. तशीच लांब नेऊन पुरा, नाहीतर तिची धूळ चांगल्या पिशव्यांवर बसेल.

पुढचे काम तुलनेने सोपे आहे. पांढऱ्या ढेपेवरचे प्लास्टिक काढून ती दोरीच्या शिंक्यावर टांगावी. जमीन, भिंती, टांगलेली गोणपाटे ओली ठेवावीत, ढेपेवर बारीक तुषार मारावा. वर्तमानपत्र वाचता येईल एवढा उजेड आणि दिवसातून दोनदा मोकळी हवा द्यावी. देठ लांब आणि टोपी लहान दिसू लागली तर समजा, खोलीत हवा कोंडली आहे. टोपीची कड वर वळण्याआधी घड हलका पिळून काढावा. काढणीच्या आधी पाणी मारू नये. ओला माल लवकर चिकट होतो. आठ-दहा दिवसांच्या अंतराने एकेका ढेपेवर तीन बहर येतात. दहा किलो कोरड्या काडावर नवख्या माणसाने पाच ते आठ किलो ताज्या मालाचा हिशेब धरावा. त्याहून मोठे आकडे कुणी सांगितले तर ऐकून घ्यावे, पण भांडवल त्यावर लावू नये.

तयार झालेल्या टोप्यांतून बारीक बीजाणूंची पूड उडते. तिने खोकला, दम वाढतो. घरात दमेकरी असेल तर ही खोली त्यांच्या झोपण्याच्या जागेपासून लांब हवी. आत जाताना नाकावर फडके बांधा.

विक्रीबद्दल थोडेच. ताजा माल बाहेर एक दिवस, फ्रिजमध्ये भोकाच्या पिशवीत तीन-चार दिवस टिकतो. म्हणून काड भिजवण्याआधी गिऱ्हाईक पाहावे : हॉटेलवाले, भाजीवाले, डॉक्टरांच्या वसाहती. उरलेला माल उन्हात वाळवावा, दहा किलोचा साधारण एक किलो होतो. वाळवलेला माल पाकीटबंद करून विकायचा तर अन्न सुरक्षा नोंदणी करावी लागते. "बी आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्हीच उचलू" असे सांगून आगाऊ रक्कम घेणारे पुष्कळ फिरतात. लेखी करार, मागील खरेदीच्या पावत्या आणि त्यांच्याकडे माल देणाऱ्या दोन-तीन जणांची प्रत्यक्ष भेट, एवढे झाल्याशिवाय एक रुपया देऊ नका. प्रशिक्षण हवे असेल तर पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अखिल भारतीय समन्वित अळिंबी प्रकल्पाचे केंद्र आहे, जवळच्या कृषी विज्ञान केंद्रातही चौकशी करता येईल. देशातील मुख्य संशोधन संस्था हिमाचलातील सोलन येथे १९८३ पासून आहे.

आमच्या स्नेह्यांनी आठ पिशव्या गावाबाहेर पुरल्या, खोलीला चुना मारला आणि पंधरा दिवस काहीच केले नाही. बी विकणाऱ्याकडे ते गेले, पण भांडायला नव्हे, दुसरे एक किलो आणायला. त्या वेळी सगळ्या दहा पिशव्या पहाटे भरल्या. ढिगात हात घालून पाहण्याचे काम अम्मींनी स्वतःकडे घेतले होते. त्यांनी "अजून ऊब आहे" म्हटले की सगळे चहा पिऊन परत यायचे. दहापैकी नऊ पिशव्या लागल्या आणि तीन बहर मिळून बारा किलोच्या आसपास माल निघाला. त्यातला निम्मा स्टेशन रस्त्यावरच्या एका हॉटेलने घेतला. पहिल्या वेळचे नुकसान त्यातून पुरते भरून आलेले नाही. तिसऱ्या वेळचे काड मात्र माळ्यावर आणून ठेवले आहे, कोरडे आणि झाकलेले.