चाकांवरचे घर आणि तारेचा दोर

‘विंचवाचे बिऱ्हाड पाठीवर’ ही म्हण आपल्याकडे बहुधा कीव करण्यासाठी वापरली जाते. अमेरिकेत मात्र असे बिऱ्हाड हौसेने पाठीवर घेणारे लक्षावधी लोक आहेत. मोटारीच्या मागे जोडावयाचे हे घर म्हणजे प्रवासी ट्रेलर. त्यात चूल, पलंग, न्हाणीघर, सर्व काही असते. कोणी त्यात सुटीचे चार दिवस काढतो, तर कोणी निवृत्तीनंतर शहरातील घर विकून त्यातच कायमचा संसार थाटतो. भाडे परवडत नाही म्हणून ट्रेलरात राहणारेही पुष्कळ आहेत. अशा घराच्या एका छोट्या पण नाजूक अवयवाची दुरुस्ती कशी करतात, हे आम्ही येथे सांगणार आहोत. विषय परदेशातला असला, तरी त्यामागचे तत्त्व आपल्या विहिरीवरच्या कप्पीइतके ओळखीचे आहे.

रस्त्यावरून जाणाऱ्या वाहनाच्या रुंदीला मर्यादा असते. अमेरिकेतील मोठ्या महामार्गांवर ती साडेआठ फुटांच्या आसपास आहे. भिंतींची जाडी वजा केली, की आत आठ फूटच उरतात. तेवढ्या जागेत कोच मांडला, की चालायला वाट राहत नाही. यावर कारागिरांनी काढलेला तोडगा म्हणजे सरकती खोली. घर रस्त्यावर असताना ही खोली पेटीच्या खणाप्रमाणे आत बसलेली असते. मुक्कामाला पोहोचल्यावर बटण दाबले, की कोच आणि जेवणाच्या टेबलासह ती दोन-तीन फूट बाहेर सरकते. मोटार-घरांत अशी खोली प्रथम आणण्याचे श्रेय इंडियाना राज्यातील न्यूमार या कारखान्याला दिले जाते. ते साल होते १९९०. आज बहुतेक मोठ्या ट्रेलरांना अशी एक तरी खोली असते.

खोली सरकवण्याच्या रीती अनेक आहेत. कोठे दातेरी पट्टी आणि दातेरी चाक असते, तर कोठे तेलाच्या दाबावर चालणारा दट्ट्या. आम्ही विचार करणार आहोत तो तारेच्या दोराने चालणाऱ्या रचनेचा. ही रचना हलकी, कमी जागेत मावणारी आणि सहज उघडून पाहता येणारी असते. तिची सारी गुंतागुंत एका साध्या गोष्टीतून निघते: दोर ओढू शकतो, पण ढकलू शकत नाही.

विहिरीतून घागर वर काढण्यास एक दोर पुरतो, कारण ती खाली नेण्याचे काम तिचे स्वतःचे वजन करते. खोली आडवी सरकते. तिला बाहेर नेण्यास एक दोर लागतो आणि आत आणण्यास दुसरा. शिवाय खोलीला चार कोपरे आहेत. एकच कोपरा ओढला, तर अडकलेल्या खणासारखी ती तिरपी होऊन बसेल. म्हणून चार कोपऱ्यांना प्रत्येकी दोन, असे एकूण आठ दोर असतात. खोलीच्या आतल्या कडेला बांधलेले चार दोर तिला बाहेर नेतात आणि बाहेरच्या कडेला बांधलेले चार तिला आत आणतात. हे सर्व दोर भिंतीतल्या कप्प्यांवरून फिरून खोलीच्या दाराच्या वरच्या अंगाला येतात. तेथे एका फळीआड बारा व्होल्टच्या बॅटरीवर चालणारी मोटार असते. ती दातेरी चाक फिरवते, चाक साखळी ओढते आणि साखळीला दोरांची टोके जोडलेली असतात. चार दोर जेवढे ओढले जातात, नेमके तेवढेच उरलेले चार सैल सुटतात. चारही कोपरे एकाच चालीने सरकतात ते यामुळेच.

तारेचा दोर ही तशी जुनी वस्तू नव्हे. जर्मनीतील हार्ट्‌झ पर्वतातील खाणींत साखळ्या अवचित तुटत, म्हणून विल्हेल्म आल्बर्ट या खाण-अधिकाऱ्याने १८३४ साली लोखंडी तारा पिळून पहिला उपयुक्त दोर तयार केला. साखळीची एक कडी तुटली की संपले. दोराचे तसे नसते. त्याची एक तार तुटली, तरी शेजारच्या तारा भार सांभाळतात आणि पाहणाऱ्याला इशारा मिळतो. अशा कामासाठी लवचिक म्हणून वापरल्या जाणाऱ्या एका जातीच्या दोरात सात पेड आणि प्रत्येक पेडात एकोणीस तारा, म्हणजे एकूण १३३ तारा असतात. तरीही लहान कप्पीवर तो पुन्हा पुन्हा वाकला, की बारीक तारा थकतात. सायकलच्या ब्रेकची तार टोकाशी कशी पिंजते, हे आपण सर्वांनी पाहिले आहे. येथेही तेच घडते: कप्पीजवळ, किंवा टोक दाबून बसवले असेल तेथे.

बिघाड ओळखताना प्रथम कान वापरावा. बटण दाबूनही मोटारीचा आवाज होत नसेल, तर दोष विजेचा समजावा. मग बॅटरी, फ्यूज व जोड तपासावेत. मोटार फिरते पण सारी खोली जागच्या जागी राहते, असे असेल तर साखळी किंवा दातेरी चाक पाहावे. तीन कोपरे सरकतात आणि एकच मागे राहतो, असे दिसले तर त्याच कोपऱ्याचा दोर तुटला, सैल झाला वा कप्पीवरून उतरला असे धरून चालावे. कधी कप्पी धरून ठेवणारे स्क्रूच कुजलेल्या लाकडातून निघून आलेले असतात. अशा वेळी नवा दोर घालून काही साधत नाही, आधी लाकूड पक्के करावे लागते. कोणत्याही प्रसंगी बटण दाबत राहू नये. एका कोपऱ्याचा भार उरलेल्या तिघांवर पडतो आणि एकाचे काम चौघांचे होते.

सर्वांत अवघड प्रसंग म्हणजे आत आणणारा दोर तुटणे. खोली बाहेर अडकते आणि घर रस्त्यावर नेता येत नाही. रात्र, पाऊस आणि गावापासून दूरचा मुक्काम असा योग आला, तर घरातील माणसांची मोठीच पंचाईत होते. तशा वेळी मोटार साखळीपासून मोकळी करावी. दोघा-तिघांनी बाहेरून सर्व बाजूंना सारखा रेटा देऊन खोली हळूहळू आत ढकलावी. मग आतून खोलीची आतली कड आणि ती ज्या भिंतीतून सरकते ती भिंत यांच्यामध्ये लाकडी टेकू घट्ट बसवावा, म्हणजे वाटेत ती बाहेर येणार नाही. ढकलताना फटीत कोणाचा हात नाही, हे एकाने सतत पाहत राहावे.

कायमची दुरुस्ती करताना प्रथम ट्रेलर सपाट जागी उभा करून चाकांच्या पुढेमागे ठोकळे लावावेत आणि बॅटरीची तार सोडावी. फळी काढल्यावर सर्व दोरांच्या जोडण्या दिसतात. प्रत्येक टोकाला आटे पाडलेली सळई आणि नट असतात. काहीही सोडण्यापूर्वी नट कोठवर आला आहे, याची खडूने खूण करावी. नवा दोर जुन्याच्याच जाडीचा व लांबीचा असावा. तुटलेला दोर मध्येच गाठ मारून किंवा क्लिपा लावून जोडण्याचा मोह टाळावा, कारण तो जोड कप्पीवरून जाऊ शकत नाही.

यानंतरचे काम ताण जुळवण्याचे. ते घाईने होत नाही. खोली पूर्ण बाहेर असताना आतल्या एका कोपऱ्याशी फट राहत असेल, तर बाहेर नेणारा दोर सैल आहे. पण त्याला आवळण्यापूर्वी त्याच कोपऱ्याचा जोडीदार तेवढाच ढिला करावा. न केल्यास दोन्ही दोर एकमेकांविरुद्ध ओढतील आणि नव्याने बसवलेलाच आधी तुटेल. खोली आत असताना बाहेरच्या बाजूने फट राहिली, तर हाच नियम उलटा लावावा. नट फिरवताना सळई दुसऱ्या पान्याने धरून ठेवावी, नाहीतर दोरालाच पीळ बसतो. एकेका वेळी थोडेच फेरे द्यावेत, खोली एकदा आतबाहेर करावी आणि पुन्हा पाहावे.

एवढा खटाटोप एका फटीसाठी कशाला, असे कोणी विचारील. त्याचे उत्तर पाणी देते. खोलीभोवतीची रबरी पट्टी चारही बाजूंनी सारखी दाबली गेली नाही, तर पाऊस आत झिरपतो, जमिनीचे लाकूड फुगते, कुजते आणि कप्प्यांचे स्क्रू सैल होतात. म्हणजे ज्या दोराकडे दुर्लक्ष झाले, त्याचाच आधार शेवटी जातो. याउलट वर्षातून एकदा फळी काढून आठही दोर डोळ्यांखाली घातले, पिंजलेली एखादी तार वेळीच दिसली आणि तो एक दोर बदलला, तर मोठा खर्च व मोठी अडचण दोन्ही टळतात.

यंत्र आपल्याला अगम्य वाटते, ते बहुधा फळीआड असते म्हणून. ती काढून आत पाहिले, तर तेथे कप्पी, साखळी आणि दोर हीच जुनी मंडळी भेटतात. त्यांना एकच मागणे असते: भार सर्वांवर सारखा असू द्या.