आहारविकृती
अन्न, शरीराचे वजन व बांधा यांविषयीच्या विकृत धारणांशी निगडित असलेले आणि आहारवर्तनात गंभीर बिघाड घडवून आणणारे मानसिक विकार. मनोजन्य क्षुधानाश, बुलिमिया व अनावर अतिभक्षण हे त्यांचे प्रमुख प्रकार होत. किशोरवयीन मुली व तरुणी यांच्यात ते अधिक आढळतात. मात्र पुरुषांनाही ते जडतात.

मनोजन्य क्षुधानाशास हे नाव विल्यम गल या इंग्रज वैद्याने १८७३ मध्ये दिले. ते काहीसे भ्रामक आहे, कारण यात भूक नष्ट होत नाही; स्थूलतेच्या भीतीने ती दडपली जाते. बुलिमियात भरमसाट खाल्ल्यावर ओकारी काढणे, रेचके घेणे इ. उपाय योजले जातात. त्याचे वर्णन जेरल्ड रसेल यांनी १९७९ मध्ये केले.

कारणे : आनुवंशिकता, चिंताशील स्वभाव व परिपूर्णतेचा अट्टहास यांना सामाजिक दडपणाची जोड मिळते. फिजी बेटांवरील एका भागात १९९५ मध्ये दूरचित्रवाणी पोहोचली. त्यानंतर तीनच वर्षांनी झालेल्या पाहणीत वजन घटविण्यासाठी ओकारी काढण्याची प्रथा शाळकरी मुलींत आढळली. मराठी विवाहविषयक जाहिरातींतील ‘सडपातळ’ ही अपेक्षा याच दडपणाचे रूप होय.

दुष्परिणाम : पूर्वीच्या ठाणे जिल्ह्यातील जव्हार व मोखाडा (२०१४ पासून पालघर जिल्हा) या तालुक्यांत कुपोषणाच्या मुळाशी दारिद्र्य होते, आहारविकृतीत अन्न हाताशी असूनही शरीराची तशीच झीज होते. नाडी मंदावते, रक्तदाब व तापमान उतरते, मासिक पाळी थांबते, हाडे ठिसूळ होतात. वारंवार ओकारीमुळे दातांचे लुकण झिजते व रक्तातील पोटॅशियम घटून हृदय अकस्मात बंद पडू शकते. आत्महत्येचा धोकाही मोठा असतो. दीर्घ उपासमारीनंतर एकाएकी भरपूर अन्न दिल्यास फॉस्फेट घटून मृत्यू ओढवू शकतो. म्हणून अशा रुग्णाचा आहार वैद्यकीय देखरेखीखालीच वाढवावा लागतो.

निदान व उपचार : ठाणे, कल्याण व डोंबिवली येथील अनेक कुटुंबांत आईवडील पहाटे लोकलने कामावर जातात व मुले डबा घेऊन महाविद्यालयात वा शिकवणीस जातात. एकत्र जेवण क्वचितच होत असल्याने डबा न खाल्ल्याचे घरी उशिरा कळते. सुरुवातीला घटलेल्या वजनाचे कौतुकही होते. उपवासाचे निमित्त, जेवणानंतर लगेच न्हाणीघरात जाणे, चक्कर येणे व पाळी चुकणे ही लक्षणे दुर्लक्षू नयेत. प्रथम हृदय व रक्त यांची तपासणी, त्यानंतर आहारनियोजन, मानसोपचार व कुटुंबाचा सहभाग असा उपचारक्रम असतो. ठाण्यात १९०१ मध्ये स्थापन झालेले मनोरुग्णालय व १९९० मध्ये सुरू झालेली इन्स्टिट्यूट फॉर सायकॉलॉजिकल हेल्थ या मानसिक आरोग्याच्या संस्था आहेत. २०२२ पासून ‘टेली-मानस’ सेवेच्या १४४१६ या क्रमांकावर विनामूल्य सल्ला मिळतो. उपचार लवकर सुरू झाल्यास बरे होण्याची शक्यता वाढते.