काचपेटीतील माशांची औषधपेटी

लखनौची थंडी आम्हां दक्षिणेकडच्या मंडळींना कधी अंगवळणी पडत नाही. नोकरीच्या निमित्ताने आमचे बिऱ्हाड सांगलीहून येथे येऊन विकासनगरात स्थिरावले, त्यालाही आता बरीच वर्षे लोटली. तरी जानेवारीत धुके उतरले आणि दिवसदिवस सूर्यदर्शन होईनासे झाले, की घरातील प्रत्येकजण शालीत गुरफटून बसतो. अशाच एका आठवड्यात, मुलीच्या हट्टाखातर दिवाळीत आणलेल्या काचपेटीतील मासे आजारी पडले. चार मोली आणि तीन गोल्डफिश, असा तो लहानसा संसार होता. मोलींच्या अंगावर मिठाचे कण शिंपडावेत तसे पांढरे ठिपके उमटले, आणि त्या तळाच्या खड्यांवर अंग घासू लागल्या.

घरात कोणी आजारी पडले, की आपला हात आपोआप औषधांच्या डब्याकडे जातो. माझाही गेला. मागच्या दुखण्यातून उरलेल्या प्रतिजैविकाच्या दोन कॅप्सूल फोडून मी त्यांतील पूड पाण्यात टाकली. दुसऱ्या दिवशी पाणी गढूळ झाले, तिसऱ्या दिवशी मासे पृष्ठभागाशी येऊन धापा टाकू लागले, आणि चौथ्या दिवशी सकाळी चारही मोली मेलेल्या आढळल्या. "बाबा, औषध दिलं तरी का मेल्या?" या मुलीच्या प्रश्नाला त्या वेळी माझ्यापाशी उत्तर नव्हते.

उत्तर मिळाले ते शेजारच्या एका वृद्ध गृहस्थांकडून. हे निवृत्त शिक्षक गेली तीस वर्षे मासे पाळतात. त्यांनी माशांकडे ढुंकूनही न पाहता आधी पाण्यात बोट बुडवले, आणि आपल्या खास लखनवी अदबीने म्हणाले, "जनाब, पहले पानी देखिए, मछली बाद में." त्या दिवशी त्यांनी सांगितलेले आणि त्यानंतर मी स्वतः वाचून, पडताळून घेतलेले जे काही आहे, ते मासे पाळणाऱ्या इतर कुटुंबांच्याही उपयोगी पडावे, एवढाच या लेखाचा हेतू आहे.

जुनी हौस, नवे घर

मासे पाळण्याची हौस आपल्याकडे नवी नव्हे. कल्याणीच्या चालुक्य घराण्यातील राजा सोमेश्वर तिसरा याने बाराव्या शतकात रचलेल्या 'मानसोल्लास' या ग्रंथात माशांच्या जाती आणि त्यांचा आहार यांचे वर्णन आहे. काचेच्या पेटीत मात्र मासे आले ते एकोणिसाव्या शतकात. लंडनच्या प्राणिसंग्रहालयातील मत्स्यालय १८५३ साली सर्वांसाठी खुले झाले. मुंबईत मरीन ड्राइव्हवरील तारापोरवाला मत्स्यालयाचे उद्घाटन १९५१ साली राष्ट्रपती डॉ. राजेंद्रप्रसाद यांच्या हस्ते झाले, आणि पुढे महाराष्ट्रातील कित्येक पिढ्यांनी रंगीत मासा प्रथम पाहिला तो तेथेच. लहानपणी सहलीत पाहिलेले ते मासे माझ्याही मनात घर करून होते.

परंतु नदी आणि काचपेटी यांत एक मूलभूत भेद आहे. नदीत माशाने टाकलेली घाण वाहून जाते. पेटीत ती तेथेच राहते. माशांच्या कल्ल्यांतून आणि उरलेल्या अन्नातून पाण्यात अमोनिया उतरतो, आणि तो माशाला विषारी असतो. सुदैवाने गाळणीच्या स्पंजात आणि तळाच्या खड्यांवर काही उपकारक जिवाणू वस्ती करतात. त्यांतील काही अमोनियाचे नायट्राइट बनवतात, तर काही त्या नायट्राइटचे पुष्कळच सौम्य असे नायट्रेट करतात. नव्या पेटीत ही वस्ती पुरती बसावयास चार ते सहा आठवडे लागतात. मी टाकलेल्या कॅप्सूलने नेमकी हीच वस्ती मोडून काढली. ठिपक्यांना कारण असलेला परजीवी जिवाणूंच्या वर्गातला नसल्यामुळे तो मात्र अबाधित राहिला. रोग राहिला तसाच, आणि त्यात विषाची भर पडली!

पेटीत काय असावे?

झाकणाचा एक कोरडा प्लास्टिकचा डबा घ्यावा आणि त्यावर 'माशांसाठी' असे ठळक अक्षरांत लिहावे. हा डबा घरातील औषधांपासून वेगळा आणि मुलांच्या हाती लागणार नाही अशा ठिकाणी ठेवावा. त्यात पुढील वस्तू असाव्यात.

पहिली वस्तू तापमापक. मोली, गप्पी, एंजल यांसारख्या उष्ण प्रदेशातील माशांना २४ ते २८ अंश सेल्सिअस तपमान मानवते. गोल्डफिश थंडी सोसतो, मोली सोसत नाही. आमच्या घरी कोण वाचले आणि कोण गेले, याचे एक कारण हेही होते. थंड प्रदेशात राहणाऱ्यांनी पाण्यासाठीचा हीटर अवश्य बसवावा. साधारणतः एका लिटरला एक वॅट हा हिशेब पुरेसा होतो. पाण्यात हात घालण्यापूर्वी विजेची कळ बंद करावयास मात्र विसरू नये.

दुसरी वस्तू पाणी तपासण्याचा संच. अमोनिया, नायट्राइट, नायट्रेट आणि पाण्याची आम्लता यांची परीक्षा त्याने घरच्या घरी होते. अमोनिया किंवा नायट्राइट जराही आढळले, तर तो धोक्याचा इशारा समजावा. पाणी अल्कधर्मी आणि उष्ण असेल, तर तेवढाच अमोनिया अधिक घातक ठरतो.

तिसरी वस्तू क्लोरीन घालवणारे द्रावण. नळाच्या पाण्यातील क्लोरीन आपल्या रक्षणासाठी असतो, पण माशांचे कल्ले तो जाळतो. पाणी पसरट भांड्यात दिवसभर उघडे ठेवल्यास साधा क्लोरीन उडून जातो. पण अडीअडचणीला पाणी तातडीने बदलावे लागले, तर तेवढा अवधी हाताशी नसतो. अशा वेळी सोडियम थायोसल्फेटचे तयार द्रावण क्षणार्धात काम करते.

चौथी वस्तू आपल्या स्वयंपाकघरातीलच, म्हणजे खडे मीठ. गोड्या पाण्यातील माशाच्या अंगात बाहेरचे पाणी सतत शिरत असते आणि अंगातील क्षार बाहेर जात असतात. हा तोल सांभाळण्यात त्याची बरीच शक्ती खर्च होते. पाण्यात थोडे मीठ असले, की हा भार हलका होतो. शिवाय मिठातील क्लोराइड नायट्राइटला कल्ल्यांतून आत शिरू देत नाही. एका लिटरला एक ग्रॅम हे प्रमाण सुरुवातीस पुरे. मीठ वेगळ्या भांड्यात विरघळवून दिवसभरात तीन हप्त्यांनी घालावे. एक गोष्ट ध्यानात असावी: पाणी आटते, मीठ आटत नाही. म्हणून आटलेले पाणी भरून काढताना पुन्हा मीठ घालू नये. पाणवनस्पतींना आणि खवले नसलेल्या माशांना मीठ फारसे सोसत नाही.

पाचवी वस्तू मिथिलीन ब्लू. अंगावर किंवा परांवर कापसासारखी बुरशी दिसली, अथवा अंडी बुरशीपासून जपावयाची असली, तर हे निळे द्रावण उपयोगी पडते. परंतु ते उपकारक जिवाणूंनाही मारते; म्हणून मुख्य पेटीत त्याचा एक थेंबही घालू नये. ते केवळ वेगळ्या भांड्यात, बाटलीवर लिहिलेल्या प्रमाणातच वापरावे. पांढऱ्या ठिपक्यांवरील तयार औषधांत बहुधा मॅलाकाइट ग्रीन असते. ते विषारी असल्याने हातमोजे घालूनच हाताळावे. खाण्याच्या माशांसाठी त्याचा वापर अनेक देशांनी बंद केला आहे, यावरून काय ते समजावे.

याखेरीज मोजमापाची सुई नसलेली पिचकारी, मऊ जाळी, रबरी हातमोजे, बॅटरीवर चालणारा हवेचा पंप आणि एक वही, एवढे असले की पेटी पूर्ण झाली. डब्याशेजारीच दहा-वीस लिटरांचे एक प्लास्टिकचे भांडे ठेवावे. हे माशांचे रुग्णालय! आजारी मासा त्यात हलवावा. आणि बाजारातून आणलेला नवा मासाही आधी दोन-तीन आठवडे त्यातच राहू द्यावा. पुष्कळशी दुखणी नव्या पाहुण्याबरोबरच घरात शिरतात.

मात्रेचा हिशेब

औषध किती घालावे हे ठरविण्यापूर्वी पाणी किती आहे हे ठाऊक हवे. पेटीची लांबी, रुंदी आणि उंची सेंटिमीटरांत मोजून गुणावी आणि त्या गुणाकारास १,००० ने भागावे. ६० सेंटिमीटर लांब, ३० रुंद आणि ३० उंच पेटीत ५४ लिटर पाणी मावेल. पण तळाचे खडे आणि वर सोडलेली जागा वजा जाता प्रत्यक्षात सुमारे ४५ लिटरच असते. हा फरक ध्यानात न घेतल्यास माशाला मात्रा जास्त जाते. गाळणीत कोळसा असल्यास औषध देताना तो काढून ठेवावा. नाही तर माशाचे औषध कोळसाच पिऊन टाकतो.

पांढऱ्या ठिपक्यांच्या बाबतीत धीरही हवा. हा परजीवी माशाच्या त्वचेखाली दडलेला असतो, आणि तेथे औषध पोहोचत नाही. पक्व झाला की तो माशाला सोडून तळाशी जातो आणि तेथे त्याची शेकडो पिले होतात. ही पिले नव्या माशाच्या शोधात पोहत असतात, तेवढ्या अवधीतच औषध त्यांना मारू शकते. पाणी २५ अंशांच्या आसपास असेल तर हे चक्र सुमारे आठवड्यात पुरे होते. थंड पाण्यात ते कित्येक आठवडे लांबते. म्हणूनच शेवटचा ठिपका दिसेनासा झाल्यावरही आठवडाभर उपचार चालू ठेवावा लागतो. आणि हे चक्र पेटीतच चालत असल्याने, या रोगापुरता केवळ एक मासा वेगळा काढून भागत नाही. पेटीतील सर्वच माशांवर उपचार करावा लागतो.

आणीबाणीच्या तीन वेळा

वीज गेली, की गाळणी थांबते आणि पाण्यातील प्राणवायू घटू लागतो. बॅटरीचा पंप लावावा. तो नसेल तर वाटीने पाणी उचलून उंचावरून पुन्हा पेटीतच ओतत राहावे. माशांना खायला घालू नये. अनेक तासांनी वीज आली, तर गाळणीचा स्पंज पेटीतीलच काढलेल्या पाण्यात पिळून मग ती सुरू करावी.

लखनौच्या उन्हाळ्यात पारा ४० अंशांपलीकडे जातो. पाणी जितके उष्ण, तितका त्यात प्राणवायू कमी. २० अंशांवर एका लिटरमध्ये सुमारे ९ मिलिग्रॅम मावतो, तर ३५ अंशांवर जेमतेम ७. पेटी उन्हापासून दूर हलवावी, झाकण उघडून पंख्याचा वारा पाण्यावर येऊ द्यावा, हवेचा पंप जोरात चालवावा. बर्फ मात्र थेट टाकू नये. पाण्याचा पालट नेहमी हळूहळूच व्हावा.

तिसरी वेळ विषबाधेची. मासे एकाएकी धापा टाकू लागले, तर औषध न शोधता पाव ते निम्मे पाणी बदलावे. नवे पाणी क्लोरीनरहित आणि जुन्याइतक्याच तपमानाचे असावे. त्या सकाळी आमच्या शेजाऱ्यांनी हेच केले. गच्चीवरील टाकीचे बर्फासारखे पाणी मी तसेच ओतावयास निघालो होतो. त्यांनी माझा हात धरला, किटलीभर गरम पाणी मागवले, तापमापक लावून पाणी जुळवले आणि मगच पेटीत सोडले. तीन गोल्डफिश त्यामुळेच वाचले.

घराचेही आरोग्य

उरलेली प्रतिजैविके पाण्यात टाकण्याची चूक केवळ माशांपुरती नाही. अशा अर्धवट मात्रांतून औषधाला न जुमानणारे जंतू तयार होतात, आणि पेटीचे पाणी शेवटी मोरीतून बाहेरच जाते. शिवाय माशांत आढळणारा क्षयाच्या जातकुळीतील एक जिवाणू माणसाच्या हातावरील जखमेतून शिरून चिवट गाठी उत्पन्न करू शकतो. हाताला चीर असल्यास हातमोजे घालावेत आणि काम झाल्यावर हात साबणाने धुवावेत. मेलेला मासा मातीत पुरावा. नकोसा झालेला जिवंत मासा गोमतीत किंवा कोणत्याही तळ्यात सोडणे, ही दया नव्हे. परदेशी मासे नदीत रुजले, की तेथील देशी माशांच्या जिवावर उठतात.

या देशी माशांचा अभ्यास करणारी राष्ट्रीय मत्स्य आनुवंशिक संसाधन ब्यूरो ही संस्था आमच्याच शहरात, तेलीबागच्या बाजूला आहे. देशभरातील जलचरांच्या रोगांवर नजर ठेवण्याच्या कार्यक्रमाचे सूत्रसंचालन ही संस्था करते, आणि मत्स्यशेतकऱ्यांना रोगाची वर्दी मोबाइलवरून देता यावी म्हणून २०२३ साली एक ॲपही सुरू झाले आहे. तलावातील माशांसाठी जे राष्ट्रीय पातळीवर चालते, त्याचाच घरगुती अवतार म्हणजे आपली ती वही.

आमच्या घरी ही वही मुलगी लिहिते. तारीख, पाण्याचे तपमान, अमोनिया, किती पाणी बदलले, कोणता मासा सुस्त दिसला, हे सारे ती नेमाने टिपून ठेवते. गेल्या पावसाळ्यात एकदा तिनेच येऊन सांगितले, की दोन दिवसांपासून एक गोल्डफिश खात नाही. मी सवयीने डब्याकडे वळलो. तिने मला थांबवले, आणि तपासणीच्या संचातील नळी पाण्याने भरत म्हणाली, "बाबा, आधी पाणी."